घरचं इंग्रजी: चुकांच्या वहीच्या नोंदी

४ एप्रिल

एकदाचं सुरू केलं. शाळेतून निरोप आला होता की मुलांशी घरी इंग्रजीतच बोला, ग्रामर आपोआप सुधारेल, आणि आम्ही ते तीन दिवस इमानदारीत पाळलं पण. पहिल्या दिवशी सगळे हसत होते, दुसऱ्या दिवशी कामापुरतं बोलत होते आणि तिसऱ्या दिवशी घरात कुणी बोलेचना, धाकटा तर नुसती मान हलवून हो-नाही सांगायला लागला. संध्याकाळी आईने मला बाजूला घेऊन विचारलं, काय रे, भांडलाबिंडलात का दोघं? मग बंदच केलं.

म्हणून हा प्रकल्प. थोरली चौथीत, धाकटा दुसरीत. रोज वीस मिनिटं, टायमर लावून, समजावणं मराठीत आणि वाक्यं इंग्रजीत. आधी ग्रामर, मग उपमा-बिपमा, म्हणजे ज्याला फिगरेटिव्ह लँग्वेज म्हणतात ते, असा क्रम ठरवलाय पण तो टिकेल असं मला स्वतःलाच वाटत नाही.

आज नेटवरून काढलेल्या वर्कशीट दिल्या. थोरलीने पास्ट टेन्सची वीसच्या वीस गाळलेल्या जागा बरोबर भरल्या, पेन ठेवलं आणि म्हणाली, "बाबा, यस्टर्डे आय डिडन्ट वेन्ट टू प्ले." वीसपैकी वीसवाली! म्हणजे कागदावरचं ग्रामर आणि तोंडातलं ग्रामर यांची अजून ओळखच झालेली नाहीये. वर्कशीटचा गठ्ठा मागच्या कोऱ्या बाजूने चित्रं काढायला दिला, तेवढा तरी उपयोग.

त्याऐवजी एक शंभरपानी वही घेतली. तीन रकाने: आपण काय बोललो, डोक्यात मराठी काय होतं, आणि इंग्रजी बोलणारा काय म्हणेल. लाल पेन बंद. नाव थोरलीने घातलं, चुकांची वही.

पहिली नोंद तिचीच. "डिडन्ट वेन्ट" च्या शेजारी मराठी लिहायला सांगितलं तर तिने लिहिलं "गेले नाही". आणि मग मलाच लख्ख दिसलं की मराठीत भूतकाळ "गेले" मध्ये बसलाय आणि "नाही" बिचारं नुसतं मागे उभं आहे. तिने "गेले" चं "वेन्ट" केलं, "नाही" चं "डिडन्ट" केलं. मराठीच्या हिशोबाने एकदम चोख काम.

५ एप्रिल

आज बसायची गरजच पडली नाही. जेवायला हाक मारली तर धाकटा आतून ओरडला, "आय केम, आय केम!" आणि आला दहा मिनिटांनी. वहीत गेलं. मराठी रकान्यात: आलो, आलो.

यावर थोरली आणि मी बराच वेळ बोलत बसलो, कारण हे भारीच आहे की आपण यायच्या आधीच "आलो" म्हणतो, घरातून निघताना "येतो" म्हणतो, आणि "परवा" हा एकच शब्द मागच्या पण आणि पुढच्या पण दिवसाला वापरतो आणि तरी कुणाचा गोंधळ होत नाही. इंग्रजीत असलं काही चालवून घेत नाहीत. हाकेला "आय ॲम कमिंग", आणि परवासाठी तर "द डे बिफोर यस्टर्डे" नाहीतर "द डे आफ्टर टुमॉरो" एवढी मोठी मालगाडी. धाकट्याचं मत पडलं की त्यांना परवाचं कामच पडत नसेल.

८ एप्रिल

पुठ्ठ्याचा एस.

"शी गो", "ही प्ले" हे दोघांचंही चालू आहे. नियम दोघांना पाठ आहे, थर्ड पर्सन सिंग्युलरला एस, धडाधड म्हणून दाखवतात, पण बोलताना गायब. आज आधी मराठी मोजली. जाणे या क्रियापदाची चालू रूपं: जातो, जाते, जातोस, जातेस, जातं, जाता, जातात. सात. मग इंग्रजी: गो, गोज. दोन! दोघंही माझ्याकडे असे बघायला लागले की जसं काही इतके दिवस मी त्यांना फसवत होतो. सात रूपं न चुकता बोलणाऱ्याला दोन जड का जावीत, तर मला वाटतं नेमकं म्हणूनच, सगळीकडे गो, गो, गो ऐकून कान सुस्तावतो आणि तो एकटा एस राहून जातो.

मग जुन्या खोक्याचा पुठ्ठा कापून हाताएवढा एस केला, त्याला निळा रंग दिला. खेळ असा की एक जण शी, एक जण क्रियापद, आणि पुठ्ठा क्रियापदाच्या हातात. "शी लाइक्स." आता प्रश्न विचारायचा तर मी डज म्हणून मधे घुसतो आणि क्रियापदाच्या हातातला एस हिसकावून घेतो. एस एकच आहे, माझ्याकडे आला म्हणजे त्याच्याकडे उरला नाही, म्हणून "डज शी लाइक". धाकट्याने दोन्ही हातांनी धरून ठेवला आणि "डज शी लाइक्स" असं ओरडत घरभर पळाला. पण नेमकं तेव्हाच त्याला कळलं, कारण थोरली मागून ओरडली, "अरे दे ना, डजने घेतलाय तो!"

डिडलाही हेच. भूतकाळ एकच असतो, डिडने उचलला की पुढचं क्रियापद रिकामं. "आय डिडन्ट गो." पण यासाठी पुठ्ठ्याचा काय कापायचा ते सुचलं नाही, शेवटी माझं जुनं घड्याळ वापरलं.

हे "डू" प्रकरण मुळात आपल्याकडे नाहीच. आपण वाक्य तसंच ठेवून शेवटी "का" लावतो की झाला प्रश्न. त्यामुळे मुलांना ते उगाच मधे आलेलं वाटतं, आणि खरं सांगायचं तर मलाही शाळेत तसंच वाटायचं पण विचारायची सोय नव्हती.

९ एप्रिल

एस हरवला. त्यावरून भांडण. दुसरा कापणार नाही असं मी जाहीर केलंय.

१२ एप्रिल

अ, ॲन आणि द. इथे मी जरा घाबरतच बसलो कारण मराठीत हे खातंच नाही.

अ आणि ॲन सोपं गेलं, तेही एक गोष्ट बदलल्यामुळे. त्यांना शिकवलेलं होतं की ए, ई, आय, ओ, यू पैकी अक्षर आलं की ॲन. मी म्हटलं अक्षर बघूच नका, शब्द मराठीत लिहा. "अवर" मराठीत लिहिला तर सुरुवातीला अ, म्हणून ॲन अवर, तो एच गेला उडत. "युनिफॉर्म" लिहिला तर सुरुवातीला य, म्हणजे व्यंजन, म्हणून अ युनिफॉर्म. स्पेलिंगमध्ये यू असला तरी काय. "ऑनेस्ट", "युरोपियन", "वन-वे", सगळे देवनागरीत लिहून बघितले, एकदाही फसलं नाही. आपली लिपी आवाज लिहिते, स्पेलिंग नाही, तिचा असा फायदा मला एवढ्या वर्षांत कधी सुचला नव्हता.

मग त्यांना एक गंमत सांगितली. ॲप्रन हा शब्द पूर्वी नॅप्रन होता. "अ नॅप्रन" असं लोक पटपट म्हणायला लागले, ऐकणाऱ्याला ते "ॲन ॲप्रन" ऐकू आलं आणि न जो पलीकडे गेला तो परत आलाच नाही. ॲडर नावाचा साप आहे त्याचंही तसंच, आधी तो न पासून सुरू व्हायचा. आणि उलटही झालंय, "ॲन एकनेम" चं "अ निकनेम" झालं, न उडी मारून शब्दात घुसला. थोरली म्हणाली म्हणजे त्यांनी पण चुका केल्या! हो ना. त्यांच्या चुका डिक्शनरीत गेल्या, आपल्या वहीत जातायत.

"द" मात्र अर्धाच जमला. मराठीत "एक मुलगा होता, तो मुलगा रोज..." असं आपण म्हणतो त्यातलं "एक" म्हणजे अ आणि "तो" म्हणजे द, इथवर छान चाललं. तो-ती-ते लावून बघायचं, बसलं तर द. मग धाकट्याने विचारलं, सूर्य? आपण काही "तो सूर्य" म्हणत नाही. म्हटलं जगात एकच आहे म्हणून कुठला ते सगळ्यांना माहितीच असतं, म्हणून द. "मग आजी पण एकच आहे, द आजी का नाही?" आता नावाला आणि नावासारखं वापरलेल्या नात्याला द लावत नाहीत हे मी सांगितलं, पण त्याला ते पटलं नाही. रात्री झोपताना "गुड नाइट द आजी" म्हणून गेला.

१५ एप्रिल

आजचा दिवस सगळ्यात चांगला गेला म्हणून सविस्तर लिहितोय.

१९५८ साली जीन बर्को नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी लहान मुलांवर एक साधा प्रयोग केला होता. पक्ष्यासारखं दिसणारं एक काल्पनिक चित्र दाखवायचं, म्हणायचं हा एक वग आहे, मग दोन दाखवायचे आणि वाक्य अर्धं सोडायचं: हे दोन... मुलं म्हणाली वग्ज. असा शब्द जगात नाही, कुणी शिकवलेला नाही, तरी अनेकवचन बरोबर, म्हणजे मुलं शब्द पाठ करत नाहीत तर आत कुठेतरी नियम तयार करतात. ते घरी करून बघायचं ठरवलं. वर्कशीटच्या पाठीमागे थोरलीने तीन प्राणी काढले, त्यांना नावं दिली टुप, लग आणि झास.

धाकट्याला विचारलं. दोन टुप? "टुप्स." दोन लग? "लग्ज." हे बोलताना त्याने स आणि ज बरोबर बदलला आणि त्याला पत्ताच नाही. दोन झास? "टू झास." इथे अडला. बर्कोबाईंची मुलंही नेमकी असल्या शेवटालाच जास्त अडखळली होती, स च्या पुढे परत स कुठे लावायचा असं होत असणार.

आता स कधी आणि "जरा" या शब्दातला ज कधी? मी म्हटलं गळ्यावर बोट ठेवा. क म्हणा. आता ग म्हणा. थोरली नुसतं "क्... ग्... क्... ग्..." करत राहिली आणि एकदम म्हणाली, "ग ला आत मोटार चालू होते!" मग मुळाक्षरांचा तक्ता काढला. प्रत्येक ओळीतली पहिली दोन, क ख, च छ, ट ठ, त थ, प फ, मोटार बंद. पुढची तीन, ग घ ङ पासून ब भ म पर्यंत, मोटार चालू. आपल्या व्याकरणात याला अघोष आणि घोष म्हणतात, मी शाळेत पाठ केलं होतं आणि परीक्षेनंतर विसरलो होतो. शब्दाचा शेवट मोटार बंदवाला असेल तर स: कॅट्स, बुक्स. चालू असेल तर ज: डॉग्ज, पेन्ज. आणि शेवटीच स, श, च असलं काही फुसफुसणारं असेल तर मधे इ घालून इझ: बसिझ, ब्रशिझ.

आणि मग बक्षीस. ई-डी लाही हेच! वॉक चा शेवट क, मोटार बंद, म्हणून वॉक्ट. प्ले चा शेवट स्वर, चालू, म्हणून प्लेड. शेवटीच ट किंवा ड असेल तर मधे इ, वॉन्टिड, नीडिड. थोरलीने अख्खी यादी गळा धरून तपासली. इतके दिवस "वॉकेड", "जम्पेड" म्हणणारी पोरगी आपण होऊन "जम्प्ट" म्हणाली, आणि हे मी तिला इंग्रजी शिकवून नाही, मुळाक्षरं दाखवून झालं.

वेडेवाकडे अनेकवचनी पण झाले, फूट-फीट, माउस-माइस, गूस-गीस, आणि शीप जो काही केल्या बदलतच नाही. धाकट्याने लगेच मंगूसचं "मंगीस" केलं. तर्क बरोबर आहे, पण होतं मंगूसिझ, कारण तो शब्द गूसच्या नात्यातला नाहीच, तो आपल्या मुंगूसवरून गेलाय. मराठीतून! हे ऐकून धाकटा जाम खूश. आजीला जाऊन सांगितलं की इंग्रज लोक आपलं मुंगूस घेऊन गेले. आजी म्हणाली, एवढंच नेलं होय.

२० एप्रिल

पाच दिवस काही नाही. माझं काम, मग थोरलीचा ताप. तापातसुद्धा वहीत एक भर, "फीवर केम टू मी". मला ताप आला. त्यांच्याकडे ताप येत नाही, तो असतो, "आय हॅव अ फीवर". डोकंही दुखत नाही, डोकेदुखी असते. या "हॅव" ला किती ठिकाणी राबवतात कोण जाणे, भाऊ हॅव, पेन हॅव, ताप हॅव, वेळ हॅव, आपण प्रत्येकाला वेगळं काहीतरी म्हणतो, मला भाऊ आहे, माझ्याकडे पेन आहे.

२२ एप्रिल

क्रम मोडला. आईने भाजी निवडता निवडता थोरलीला विचारलं की उपमा अलंकार झाला का तुमचा, आणि तिथून गाडी तिकडेच वळली.

सिमिली म्हणजे उपमा. हे त्यांना वेगळं शिकवायची काही गरज नाही, फक्त ओळख करून द्यायची की बाबांनो, हा तुमचाच माणूस आहे, कपडे बदलून आलाय. आपण सारखा, सम, गत, जणू लावतो, ते "लाइक" नाहीतर "ॲज... ॲज" लावतात. उपमेय कोण, उपमान कोण, दोघांत समान काय, एवढे तीन प्रश्न दोन्हीकडे सारखेच.

पुस्तकी उपमा मी वगळल्या. "ॲज व्हाइट ॲज स्नो" म्हणणाऱ्या या दोघांनी फ्रिजच्या बाहेर बर्फ बघितलेला नाही, आणि "ॲज ब्लाइंड ॲज अ बॅट" तर सरळ खोटं आहे, वटवाघळांना दिसतं. नियम केला की जे स्वतः बघितलंय तेच. पहिली दहा मिनिटं कुणालाच काही सुचेना. मग धाकट्याने दारातल्या दप्तराकडे बघून लिहिलं, "माय बॅग इज लाइक अ स्लीपिंग बफेलो." खरंच तसंच पडलं होतं, एका कुशीवर, पोट फुगवून. थोरलीचं, "द टॅप इज क्राइंग लाइक अ बेबी हू इज नॉट रिअली सॅड." हे मला फार आवडलं. नळाला रडायला लावलं म्हणजे हे पर्सोनिफिकेशन पण झालं, आपलं चेतनगुणोक्ती, पण नाव आज सांगितलं नाही. आधी केलेलं असू दे, नाव काय नंतर चिकटवता येतं.

मग मेटाफर. लाइक काढून टाक म्हटलं. "माय बॅग इज अ स्लीपिंग बफेलो." काय फरक पडला? थोरलीचं उत्तर होतं की पहिल्यात ती बॅगच आहे, दुसऱ्यात म्हैसच झालीये. धाकटा म्हणाला, "आता ती उचलायला लागणार नाही, झोपलीये." रूपक शिकवायला मी जे दोन परिच्छेद लिहून आणले होते ते खिशातच राहिले.

२५ एप्रिल

इडियम, म्हणजे वाक्प्रचार. पत्त्याएवढी कार्डं, एका बाजूला शब्दशः चित्र, मागे अर्थ. कुत्री-मांजरं आभाळातून पडतायत हे सगळ्यांचं आवडतं. असं का म्हणतात म्हणून धाकटा हसत सुटला तर मी विचारलं, आपण काय म्हणतो? मुसळधार. मुसळ म्हणजे काय? माहीत नाही. आजीने हाताने दाखवलं, एवढं जाड, लाकडाचं, आणि हे आभाळातून पडायचं. दोघं गप्प. आयुष्यभर मुसळधार म्हणत आलेत आणि आज पहिल्यांदा मुसळं पडताना दिसली. मग त्याचंही कार्ड झालं, छत्रीला भोकं पाडणारी मुसळं.

यानंतर मराठी कार्डंच जास्त झाली. हातावर तुरी देणे, नाकी नऊ येणे (नाकावर नऊचा आकडा काढलाय), कान भरणे, पोटात गोळा. इंग्रजीत नेमकं त्या जागी पोटात फुलपाखरं असतात, थोरलीच्या मते गोळा जास्त खरा आहे, फुलपाखरांनी काय त्रास होणार. सठीसहामासीला जोडी मिळाली "वन्स इन अ ब्लू मून". एका इंग्रजी महिन्यात दोन पौर्णिमा आल्या तर दुसरीला ब्लू मून म्हणतात आणि तसं साधारण अडीच-तीन वर्षांनी होतं, म्हणजे आपल्या सहा महिन्यांपेक्षा हा फारच आळशी. आणि डोळ्यांत धूळ फेकणे तर जसंच्या तसं दोन्हीकडे, "टु थ्रो डस्ट इन समवन्स आइज". एकाच अर्थाचं एकच चित्र. हे मात्र थोरलीला पटेना, म्हणाली कुणीतरी कुणाचं तरी बघून लिहिलंय.

२६ एप्रिल

कालचं एक कार्ड राहिलं होतं, "द ॲपल ऑफ माय आय". डोळ्याचं सफरचंद? धाकट्याने काढलेलं चित्र भयानक होतं, इथे वर्णन करत नाही.

जुन्या इंग्रजीत डोळ्यातल्या मधल्या काळ्या गोलालाच ॲपल म्हणायचे, गोल म्हणून. जपायची वस्तू, म्हणून लाडक्या माणसाला तो शब्द गेला. आता त्या गोलाला प्युपिल म्हणतात. थोरली म्हणाली, प्युपिल म्हणजे तर विद्यार्थी. मग लॅटिन सांगितलं, प्युपिला म्हणजे छोटी मुलगी, बाहुली. दोन्ही अर्थ तिथूनच आले. पण डोळ्यात बाहुली कुठून?

लाईट घालवले, टॉर्च लावला. दोघांना समोरासमोर बसवलं, नाकाला नाक लागेल इतकं जवळ, टॉर्च बाजूला धरला. आधी नुसतं खिदळणं. मग थोरली एकदम थांबली. "मी आहे. तुझ्या डोळ्यात मी आहे, एवढीशी." बोटाच्या पेरावर दाखवली तिने, तांदळाएवढी. धाकटा हलायला तयार नाही, डोळे मिटायला पण तयार नाही, पाणी येत होतं तरी, कारण मिटले तर ती जाईल. आई अंधारात मागे उभी होती, ती म्हणाली, "म्हणून तर बाहुली म्हणतात रे त्याला." आपणही तेच म्हणतो की, डोळ्याची बाहुली! मी लॅटिनपर्यंत जाऊन आलो आणि शब्द घरातच होता, आणि मला तो कार्ड बनवताना आठवला नव्हता.

टायमर वाजला तो कुणी बंद केला आठवत नाही.

३० एप्रिल

आवाजांचे शब्द. घड्याळ इंग्रजीत टिक-टॉक, आपलं टिकटिक. घंटा डिंग-डाँग, आपली टणटण. बेडूक क्रोक, आपला डराव. मांजर दोन्हीकडे जवळपास तेच, मांजर ऐकत नाही कुणाचं.

एक खेळ केला, शब्द उलटा म्हणायचा. टॉक-टिक. डाँग-डिंग. झॅग-झिग. फ्लॉप-फ्लिप. ऐकायलाच चुकीचं वाटतं, आणि का ते दोघांनाही सांगता येईना. इंग्रजीत असे जोडशब्द इ पासून सुरू होतात, मग ॲ किंवा ऑ, उलट चालत नाहीत. कुणी शिकवत नाही, सगळे पाळतात. आपलं वेगळं, आपण एकतर तेच परत म्हणतो नाहीतर पुस्तक-बिस्तक करतो. त्यावरून धाकटा दिवसभर "पेन्सिल-बेन्सिल गिव्ह मी" करत होता. वहीत लिहायचं का विचारलं तर म्हणाला ही चूक नाही, ही मला आवडते.

३ मे

वही मोजली. एक्काहत्तर वाक्यं. जी हल्ली ऐकू येत नाहीत त्यांवर फुली मारली, अडतीस गेली. "क्लोज द लाइट" गेलं, "मोअर टॉल" गेलं (आपल्याकडे पेक्षा एकटाच सगळं काम करतो, त्यामुळे टॉलर की मोअर टॉल हा प्रश्नच कधी पडत नाही). "शी गो" अजून दर दोन वाक्यांमागे एकदा. "डिडन्ट वेन्ट" जिवंत आहे, पण आता बोलून झाल्यावर थोरली स्वतःच मनगटावर बोट आपटते, घड्याळ, आणि परत म्हणते. एवढ्यावर मी खूश आहे.

एक्काहत्तरपैकी चार माझी आहेत. फोनवर मी कुणाला तरी "वी विल डिस्कस अबाउट इट" म्हटलं, ते थोरलीने ऐकलं, वर्गात झालं होतं म्हणे त्यांचं की डिस्कसच्या आत अबाउट असतंच. मराठी रकान्यात मी "त्याबद्दल चर्चा करू" लिहिलं. ते "बद्दल" मीच इकडून तिकडे नेलं होतं, वीस वर्षं.

विरामचिन्हं आज घाईत उरकली. मराठीत ती मुळात इंग्रजीवरूनच आली, १९व्या शतकात मेजर थॉमस कॅन्डी नावाच्या इंग्रज माणसाने रुळवली, असं सांगितल्यावर थोरलीने माझ्या या नोंदी वाचून दाखवल्या, एका दमात, पूर्णविराम येईपर्यंत श्वास न घेता. मुद्दा पोचला.

एस सापडला. आईच्या पोथीत, खूण म्हणून घातला होता.

७ मे

संध्याकाळी धाकटा दारात उभा राहून म्हणाला, "बाबा, वी आर गोइंग डाउन टु प्ले." अख्खं वाक्य बरोबर. आर पण, गोइंग पण. मी लॅपटॉप मिटला, उठलो, चपला घातल्या, किल्ली घेतली. बघतो तर त्याच्या मागे जिन्यात त्याचे दोन मित्र बॅट घेऊन उभे, आणि हा माझ्या चपलांकडे बघतोय.

"बाबा, वी म्हणजे आपण नाही. वी म्हणजे आम्ही."

त्यांच्याकडे दोन्हीला एकच शब्द आहे. रात्री वहीत लिहिताना पहिल्या रकान्यात काय लिहायचं यावर आमचं एकमत झालं नाही, कारण चूक तशी कुणाचीच नव्हती. शेवटी त्याने तिथे माझ्या चपला काढल्या.